मसणवट्यातली फुलगोबी

जालन्याच्या बायकांचा आमच्या भाजीवर विश्वास बसावा म्हणून आम्ही जेवढी धडपड केली, त्यातली निम्मी तो घालवण्यात गेली. हे सगळं कसं जमवलं, असं लोक मला अजून विचारतात. विचारणारे बहुतेक शिकलेले असतात आणि त्यांना उत्तरात काहीतरी गोड ऐकायचं असतं. माझ्याकडे गोड काही नाही. मी चौथी पास. झालं तसं सांगते.

आमचं शिवार टेंभुर्णीपासून चालत जाण्याइतकं जवळ. विहिरीला बरं पाणी होतं, म्हणून घराला पुरून उरेल एवढी वांगी, गवार, दोडकी, मेथी, चुका निघायचा. उरलेल्या रानात कापूस. टेंभुर्णीच्या बाजारात मी बरीच वर्षं भाजी घेऊन बसले. तिथल्या शाळेतल्या एक बाई दर बाजाराला माझ्याकडूनच भाजी न्यायच्या. त्यांची जालन्याला बदली झाली आणि थोड्या दिवसांनी त्यांचा निरोप आला, की मावशी, इथल्या वांग्याला चव नाही, सकाळच्या एसटीत एक पाटी टाकून देत जा. मी टाकली. त्यांच्या शेजारणीनं डोकावून पाहिलं, तिलाही पाहिजे झाली. असं होत होत त्या कॉलनीतली डझनभर घरं आमची भाजी खायला लागली.

त्याच सुमारास आमचे मालक फवारणी करता करता कापसात आडवे झाले. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्यात नाव घेत नाहीत म्हणून मालक म्हणायचं. तसं पाहिलं तर सातबारा सासऱ्याच्या नावावर होता. मालकांना बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. वाचले. डॉक्टर म्हणाला, पुन्हा पाठीला पंप लावला तर यांना माझ्याकडे आणू नका, परस्पर पोचवा. डॉक्टर माझ्यासारखाच तोंडाचा फाटका होता, म्हणून मला त्याचं पटलं.

कापूस बंद करायचा तर त्या रानात ज्वारी, तूर, मूग आणि भाजी लावायची. पण एवढं घेणार कोण? शाळेतल्या बाईंनी वाट काढली. प्रत्येक घरानं अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, वर्षभराचं सांगायचं आणि थोडं आधी द्यायचं. मग दर आठवड्याला रानात जे निघेल ते वाटून घ्यायचं. पीक आलं तर खायचं, गारा पडल्या तर आमच्याबरोबर गप्प बसायचं.

मालकांना हे बिलकुल आवडलं नाही. पूर्वी गावात सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याचं काम करायचे आणि सुगीला त्याच्याकडून धान्याचं बलुतं न्यायचे. मालक म्हणाले, "म्हंजी आता आपण जालन्याच्या बायकांचे बलुतेदार झालो."

"बलुतेदार व्हा, न्हाईतर पंप उचला," मी म्हटलं. त्यावर त्यांनी तंबाखू मळायला घेतली. म्हणजे मान्य.

आता विश्वासाचं. बाजारात विश्वास लागत नाही, हे आधी समजून घ्या. पाटीच्या तोंडाशी कोवळी वांगी ठेवायची, जून झालेली तळाशी. गिऱ्हाईक येतं, वरच्या वांग्यांना हातसुद्धा लावत नाही, थेट कोपरापर्यंत हात खाली घालतं. आपण ओरडतो, ते ओरडतं, शेवटी सौदा होतो. दोघांनाही सगळं ठाऊक असतं, त्यामुळे कुणी कुणाला फसवत नाही. माझी धाकटी जाऊ यात तयार होती. जालन्याच्या पाट्याही तिनं तशाच भरल्या. पण त्या बायका खाली हात घालतच नव्हत्या. पाटी घरी न्यायच्या, दोन दिवस वरचं खायच्या आणि तिसऱ्या दिवशी तळाशी पोचल्या की त्यांना वाटायचं, आपल्याला गंडवलं. जावेला मी सांगितलं, सारखं भर. ती म्हणाली, "अक्का, मंग चांगलं-वाईट त्यांना कळायचं कसं?" तिचंही चुकत नव्हतं.

त्या बायकांत एक वकिलाची बायको होती. वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी, आवाज खालचा आणि नजर फौजदाराची. तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. एकदा तिनं वांग्यातली अळी झाकणाच्या डबीत घालून मला परत पाठवली. मी निरोप दिला, की अळी जित्ती निघाली म्हणजे विष मारलं नाही याचा तो शिक्काच समजा. तिचा उलटा निरोप आला, की शिक्का एक पुरे, पाटीभर नको. मला बाई आवडली. पण आवडली म्हणून काही ती सोपी झाली नाही.

दुसऱ्या वर्षी पौषात शाळेतल्या बाई म्हणाल्या, सगळ्यांना एकदा रान दाखवा, हुरडा खाऊ घाला, म्हणजे शंका जातील. आम्ही हो म्हटलं. चूक तिथंच झाली.

शहरातून पाहुणे येणार म्हटल्यावर मालकांच्या अंगात आलं. हुरडा होताच, पण हुरडा म्हणजे नुसतं तोंडात टाकायचं, ते काय जेवण नाही. जेवणात काय करायचं? मी म्हटलं, वांग्याचं भरीत, चुक्याची भाजी, भाकरी, तुरीचं वरण. मालक माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी पाहुण्यांना कडबा घालायला निघाले होते. आमच्याकडे पाहुणा आला की बांधावरचं खाऊ घालत नाहीत. जे विकत आणलं तो पाहुणचार. घरात दुभती म्हैस असली तरी जावयासाठी दुकानातून बिस्किटाचा पुडा येतो. तो जावई पुडा बघतो आणि त्याला कळतं, की आपला मान ठेवला. हे सगळ्या गावात चालतं. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही.

मालक टेंभुर्णीच्या बाजाराला गेले आणि गोणीभर फुलगोबी, वाटाणे आणि आरशासारखे टमाटे घेऊन आले. एवढी गोबी आमच्या घरात आयुष्यात आली नव्हती. निम्मी चुलीवर गेली, निम्मी गोणीतच राहिली. गोणी जावेनं नेऊन ठेवली ती गोठ्याशेजारच्या खोपीत, जिथं जालन्याच्या पाट्या भरून ठेवलेल्या असत त्यांच्याच शेजारी. गोणीवर व्यापाऱ्याचा हातभर शिक्का.

पाहुण्या आल्या भाड्याच्या जीपमधून. आगटीत कणसं भाजली, हातावर चोळली, तीळ-लसणाच्या चटणीबरोबर सगळ्यांनी बकाबका खाल्लं. एकीनं विचारलं, हे झाड वर्षभर राहतं का? मी म्हटलं, ज्वारी आहे, आंबा नाही. सगळं हसत खेळत चाललं होतं. मध्येच वकिलीणबाई हात धुवायला म्हणून उठली. पाण्याची टाकी खोपीच्या मागे.

ती परत आली, पंगतीत बसली, जेवायला लागली. मालक स्वतः वाढत होते, आग्रह करत होते. ती अगदी सहज म्हणाली, "फ्लॉवर छान झालाय. कुठल्या वाफ्यातला?"

इथं मालकांनी बाजारातला म्हणायला काय हरकत होती? पण ते सगळ्यांच्या देखत म्हणायचं म्हणजे आपल्या मळ्यात पाहुण्याला घालण्यासारखं काही नाही असं होतं. त्यांनी हात लांब केला. "त्यो काय, तिकडं, वढ्याच्या अंगाला."

"वा. जेवण झालं की बघू."

ओढ्याच्या अंगाला गावाचा मसणवटा आहे. तिथं फुलगोबी लावली असती तर आलीही असती चांगली, खताला तोटा नव्हता. पण जेवणानंतर या बायकांना रांगेनं तिकडं नेऊन काय दाखवणार? मी म्हटलं, "बाजारातली आहे. काल टेंभुर्णीहून आणली."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे. "मग ओढ्याकडे काय आहे?"

"मसणवटा."

माझी जाऊ फिस्सकन हसली. बाकी कुणी हसलं नाही. खरं काय ते मी सांगितलं होतं, पण खोट्याच्या पाठोपाठ आलेलं खरं हे दुसरं खोटंच वाटतं. त्यात खोपीतली गोणी तिनं बघितलेली. परतताना तिनं ते सगळ्या बायकांना जीपमध्ये सांगितलं असणार. हिशोब सरळ होता: हे लोक बाजारातून माल आणतात, पाटीत भरतात आणि आपल्याला बिनविषारी म्हणून खपवतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, फक्त मोठ्यानं.

पुढच्या आठवड्यात पाट्या घेऊन एसटीला गेले तर कंडक्टरनंच शाळेतल्या बाईंचा निरोप सांगितला, की आत्ता पाठवू नका, आधी बसून बोलू. पाट्या माघारी आणल्या. ती वांगी बाजारात मातीमोल गेली आणि त्या आठवड्यात मालक दोनदा बोलून गेले, की पुढच्या मृगात रान मोकळं ठेवून चालणार नाही, कापूस बरा. पंप खोपीत टांगलेलाच होता. घरं सुटली तर तो यांच्या पाठीवर जाणार, हे मला दिसत होतं. मी नवऱ्यावर फार जीव टाकणारी बाई नाही, पण एवढ्या वर्षांत हाताशी आलेलं माणूस फुकट कोण घालवील?

मी जालन्याला गेले. शाळेतल्या बाईंना बरोबर घेतलं आणि थेट वकिलीणबाईचं घर गाठलं. तिनं खुर्चीवर बसवलं. बशीत चिवडा आला, खारी आली, फ्रिजमधलं सरबत आलं. पेले नवे कोरे, कपाटातून काढून पुसलेले. मी चिवड्याकडे बघून विचारलं, "हे घरी केलं का तुम्ही?"

"नाही हो. कोपऱ्यावरच्या दुकानातलं आहे."

"मंग मी काय समजू? तुमच्या घरात चूल पेटत न्हाई?"

शाळेतल्या बाईंना सरबताचा ठसका लागला. वकिलीणबाई रागावली नाही. बशी तिनं थोडी बाजूला सरकवली. "पेटते. सकाळी वरण केलंय. तुमच्याच तुरीचं. ते तुमच्यापुढे ठेवायचं म्हणजे कसं दिसलं असतं?"

"आमच्या मालकालाबी तसंच दिसलं."

"असेल. पण हा चिवडा माझ्या गच्चीवर पिकला असं मी तुम्हाला सांगितलं नाही."

वकिलाच्या घरात राहून तिला एवढं यायलाच पाहिजे होतं. मी सरबत पिऊन टाकलं. मग तिनं आपली अट सांगितली. ती येणार. कधी येणार ते कळवणार नाही. आली की तिच्यासाठी चूल पेटवायची नाही, चहासुद्धा टाकायचा नाही. आम्ही आमचं काम करायचं, ती बघणार आणि जाणार. आखितीच्या आत ठरवेल. तोवर बाकीच्या बायकाही थांबणार.

मी हो म्हटलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा समजलं, की मी केवढं कबूल करून आले. मालक उठून उभे राहिले. "माणूस दारात येणार आन उपाशी जाणार? आपलं घर हाय का टपालाचं हापीस?"

जाऊ म्हणाली, "पाणी तरी?"

"पाणी चालतंय."

"त्याच्यासोबत गुळाचा खडा?"

"न्हाई."

"नुसतं पाणी तर आपण म्हशीला दाखवतो, अक्का."

आठवडाभर घरात हेच चाललं. मालकांचं म्हणणं, ती वर्षभर भाजी नेणार नाही तर राहू दे, पण अशी अब्रू जायला नको. मी म्हटलं, अब्रू त्या दिवशी ओढ्याच्या अंगाला पुरली, आता उरली कुठं.

ती चैत्रात आली. चैत्रात आमचं रान बघण्यासारखं नसतं. ज्वारी निघालेली, धसकटं उभी, विहिरीचं पाणी तळाला. थोडी गवार, कांदा, शेवग्याच्या शेंगा आणि कुंपणावर वाळलेले दोडके, एवढंच. सकाळच्या गाडीनं उतरून ती छत्री लावून एकटीच चालत आली. मालकांना ती बांधावरून दिसली आणि बैलाला पाणी पाजून आणतो म्हणत ते निघून गेले. बैल मागेच राहिला.

वकिलीणबाई खोपीत गेली. बाजारासाठी भरलेल्या पाट्यांत तिनं हात घातला, थेट तळापर्यंत. माझ्या जावेच्या तोंडावर पहिल्यांदा तिच्याबद्दल थोडा आदर दिसला. मग विहिरीत वाकून बघितलं, उकिरड्यात काठी खुपसली, गोण्या उलटून बघितल्या. टांगलेल्या पंपाकडे बोट केलं. "हा वापरता?"

"एक माणूस त्याच्यापायी आडवा पडला तेव्हापासून न्हाई," मी म्हटलं. कोण आडवा पडला ते तिनं विचारलं नाही आणि मीही पुढे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला दया आली असती. दयेवर गेलेली भाजी फार तर दोन महिने जाते.

जेवायची वेळ झाली. आम्ही दोघी जावा लिंबाखाली भाकरी, कांदा आणि गवारीची भाजी घेऊन बसलो. तिनं पिशवीतून आपला डबा काढला आणि चार हात लांब धोंड्यावर बसली. दारातलं माणूस आपला डबा खातंय आणि आपण आपली भाकरी, असं जेवण मी जन्मात जेवले नव्हते. जावेनं तिच्याकडे पाठ केली, तरी घास गिळेना. मी मात्र नेहमीएवढं खाल्लं. उन्हाचं काम करायचं होतं. ती तांब्याभर पाणी प्याली आणि छत्री उचलून निघून गेली. हो नाही, नाही नाही.

संध्याकाळी मालक आले. मी म्हटलं, पळून कुठं गेल्ता? म्हणाले, इथंच. मी त्यांना टपालाच्या हापिसापासून सगळं ऐकवलं. नेहमी एवढं ऐकून घेणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी गप्प राहिले. मला वाटलं, लाज वाटली असेल. तेवढ्यावर सोडून दिलं.

आखितीला मी जालन्याला गेले. शाळेतल्या बाईंच्या ओसरीवर सगळ्या बायका जमल्या होत्या. तीन घरांनी आल्या आल्या नाही सांगितलं. एकीच्या सासूला अळीची भीती, दुसरीच्या दारात हातगाडी येते, तिसरीनं कारण दिलं नाही. बाकीच्या सगळ्या वकिलीणबाईच्या तोंडाकडे बघत होत्या. ती मलाच म्हणाली, "तुमचे यजमान त्या दिवशी मला फाट्यावर भेटले. तुम्हाला बोलले नाहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं. मालक रानातून पळाले ते फाट्यावरच्या झाडाखाली जाऊन बसले होते, आणि गाडी उशिरा आली म्हणून तिलाही त्याच झाडाखाली बसावं लागलं. पळून जायला आणखी जागा उरली नव्हती. तेव्हा ते तिला म्हणाले, की त्या दिवशी माझी बायको खरं बोलत होती, खोटं मीच बोललो. तिनं विचारलं, का? तर म्हणाले, घरची भाजी पाहुण्यापुढं ठेवायची लाज वाटली.

"मी म्हटलं, जी भाजी आम्ही आधी पैसे देऊन मागवतो तीच वाढायची तुम्हाला लाज? मग आम्ही काय वेडे आहोत?"

"त्यावर काय म्हणाले?"

"म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून तसंच वाटून राह्यलं."

ओसरीवर पहिल्यांदा हसू झालं. तीही हसली, पण थोडंच. म्हणाली, "हा माणूस बाजारातून आणून आम्हाला फसवणार नाही. त्याला त्याची भाजी एवढी कमी वाटते, की ती चांगली म्हणून खपवायची हुशारी त्याच्यात नाही. माझं घर लिहा." तिच्यामागून बाकीची घरं आली.

घरी येऊन मी मालकांना विचारलं, की फाट्यावर एवढं बोललात आणि मला एक अक्षर नाही? ते म्हणाले, "तू इचारलं कुठं? तू बोलून राह्यलीस." मृगात त्या रानात तूर पेरली.

वकिलीणबाई त्यानंतरही येत राहिली, वर्षातून दोन-तीनदा, कधीही, न कळवता. आम्ही तिला एकदाही जेवू घातलं नाही. गावात बोभाटा झाला, की त्या घरी पाहुण्याला कोरडं पाणी मिळतं. जावेच्या माहेरपर्यंत ही गोष्ट गेली. जावेला त्याचा त्रास झाला, मला नाही.

पहिली दोन-तीन वर्षं मालक तिला बघून आडोशाला जायचे. मग तेही सुटलं. एकदा ती खोपीत पाटीवर वाकली होती आणि मालक लांब वाफ्यात खुरपत होते. तिथूनच, मान वर न करता ते ओरडले, "बाई, गवार नेऊ नका. जून झालीय, शिजायची न्हाई."

तिनं हातातली शेंग मोडून बघितली. "मग पाटीत कशाला भरली?"

"माझ्या भावजयीनं भरली. तिला सांगतो मी."

तिनं गवार काढून ठेवली, बाकीचं उचललं आणि गाडीला गेली. मालकांनी खुरपणं थांबवलं नाही. जाऊ मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.